उम्म सालिम आणि अंगणातला चंडोल

तुम्हाला पोचवून माणसं परत आली तेव्हा मी यूसुफभाईंना दारातच विचारलं, "तिथं पाखरं होती का?"

त्यांच्या चपलांना पांढरी माती लागली होती. आपल्याच गावचे, तुमच्याच ऑफिसातले, तुम्हाला खांदा देऊन आलेले. त्यांना वाटलं, मला भ्रम झाला. "भाभी, आत चला, पाणी प्या," म्हणाले. मी तरी विचारलंच, "शेंडीवाला होता, की दुसरा?" तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून रडायला लागले, आणि शेजारची उम्म नासिर माझ्या दंडाला धरून मला आत घेऊन गेली.

बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं, म्हणून तुम्हाला कसल्या जमिनीत ठेवलंय ते मला माहीत नाही. रेती आहे की खडी? आसपास एखादं झुडूप तरी आहे का? तुम्ही असतात तर आल्याबरोबर सगळं सांगितलं असतंत. जमिनीबद्दल तुम्ही खूप बोलायचात. कंपनीच्या सर्व्हे ऑफिसात साखळी आणि खुंट्या घेऊन हिंडण्यातच तुमचं आयुष्य गेलं. माणसांबद्दल मात्र तुमच्या तोंडून चार शब्द निघायचे नाहीत. आता भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, नवऱ्याच्या गोष्टी सांग, मन मोकळं कर. काय सांगू त्यांना? दोन पाखरांवरून नवरा-बायको इतकी वर्षं वाद घालत होती, असं सांगू? म्हणून तुमच्याशीच बोलते.

सुएझची लढाई झाली त्या वर्षी मी इथे, या अरबी मुलखात आले. आगबोट लांब समुद्रात उभी राहिली आणि आम्हाला लाँचमधून धक्क्यावर आणलं. उन्हाने डोळे उघडत नव्हते. तुम्ही पुढे आलात, माझी ट्रंक उचललीत, आणि चालता चालता खाली बघून म्हणालात, "अल्ला आणखी देईल."

आपला सालिम जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. तो जन्मला तेव्हा तुम्ही इथे होतात, तापाने गेला तेव्हाही इथेच. तुम्ही त्याला एकदाही पाहिलं नाहीत. बोटीवर मी मनाशी ठरवलं होतं, भेटल्यावर पहिल्यापासून सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही, रडायचं असेल तर दोघांनी मिळून रडायचं. पण तुम्ही ते वाक्य बोललात, आणि त्यापुढे मला बोलायला जागाच राहिली नाही. मी बुरखा सावरला आणि तुमच्या मागून चालू लागले.

ते घर आठवतं ना, समुद्रातल्या दगडांच्या भिंती असलेलं? तुम्ही आठवडाभर दुखानला, तेलाच्या विहिरींकडे, आणि मी त्या अंगणात एकटी. व्हर्नाक्युलर फायनल झालेली, गावच्या शाळेत मुलांना बाराखडी शिकवलेली मी, दिवसभर कुणाशी बोलायची नाही. भाषाच येत नव्हती. तेव्हा माझ्याकडे येणारा पहिला पाहुणा तो चंडोल. मातकट अंग, डोक्यावर टोकदार शेंडी. तांदूळ धुतलेलं पाणी मी जिथे ओतायची तिथे यायचा आणि जणू मालक असल्यासारखा फेऱ्या मारायचा. मग भिंतीवर चढून गोड शीळ घालायचा. मला एकदम आपल्या गावाच्या वरचा सडा आठवला. काळा कातळ, त्यावर वाळलेलं गवत, आणि गवतातून उडणारे चंडोल. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी धावत सांगितलं, "आपल्या सड्यावरचा चंडोल इथे पण आहे."

तुम्ही चहा पिता पिता त्याच्याकडे नीट बघितलंत. "अगो, तो सड्यावरचा नाय. त्याचा चुलत भाव हाय. रंग बघ, किती फिका."

"मला तोच वाटतो."

"वाटला म्हणून होतो काय?"

तो आपला पहिला वाद. मला किती बरं वाटलं होतं, तुम्हाला कळलं नसेल. वाद घालायला का होईना, घरात कुणीतरी आपल्या भाषेत बोलत होतं.

हळूहळू उम्म नासिरशी ओळख झाली. तिने पहिल्यांदा विचारलं ते मुलाबाळांचं. मी जमिनीपासून हातभर उंची दाखवली, म्हटलं, सालिम, आणि मग हात आकाशाकडे केला. तिला कळलं. तिने माझं डोकं छातीशी धरलं. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मूल हयात असो वा नसो. त्या दिवसापासून सगळी गल्ली मला उम्म सालिम म्हणायला लागली, सालिमची आई. तुम्ही त्या हाका ऐकायचात. एकदाही काही बोलला नाहीत.

मग तो शुक्रवार. कंपनीची जीप मागून आणलीत आणि मला अबू हमूरच्या पुढे माळावर नेलंत. तेव्हा तिथे घर नव्हतं, भिंत नव्हती, नुसती खडी आणि गुडघ्याएवढी झुडपं. जीप बंद केलीत. मी म्हटलं, "इथं काय बघायचं?" तुम्ही म्हणालात, "बघायचं नाय. ऐक."

आधी मला कुणी माणूसच शीळ घालतोय असं वाटलं. एकेक सूर, लांब, सावकाश, मधे थांबून थांबून. मग सूर एकमेकांच्या मागे लागले आणि झुडपातून एक पाखरू सरळ वर उडालं. पंख उघडले तसे काळे-पांढरे पट्टे चमकले. वर जाऊन त्याने अंग टाकून दिलं आणि गिरकी खात खाली आलं. मला वाटलं, पडलं, मेलं. तर ते उंच पायांवर तुरुतुरु धावत सुटलं आणि क्षणात खडीत दिसेनासं झालं.

"हा पण चंडोलच," तुम्ही म्हणालात. "वाळवंटातला. मोठ्या चोचीचा."

"नाव काय त्याचं?"

तुम्ही समोरच्या काचेतून बाहेर बघत होतात.  "इथली माणसं उम्म सालिम म्हणतात."

तुम्ही जीप सुरू केलीत.  परत येताना शहराची पहिली घरं दिसली तेव्हा मी म्हटलं, "गाणारा नर असतो म्हणता, मग नाव बाईचं का?" तुम्ही म्हणालात, "ते मला काय ठाव?" आणि आपण दोघं हसलो. इथे आल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या जीपमध्ये.

त्यानंतर आपले शुक्रवार या दोन पाखरांत वाटले गेले. माझा पक्ष अंगणातल्याचा, तुमचा माळावरच्याचा. तुम्ही मला समजावून सांगायचात, एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं. दोघं एकाच घराण्यातले. दोघं जमिनीवरच घरटं करतात, दोघं किडे आणि बी खातात. पण शेंडीवाल्याला माणसाचं वावडं नाही. बकऱ्यांचा गोठा असो, कॅम्पाचं सांडपाणी असो, रय्यानच्या बागा असोत, त्याचं कुठेही भागतं. पोरं फासे लावून त्याला धरतात, तरी एक घरटं गेलं की तो दुसरं करतो. उम्म सालिमला लागते ती कुणी न तुडवलेली जमीन. एका जोडीला मैलभर मोकळा माळ हवा. आणि आता ज्याच्याकडे चार चाकं आहेत तो माळावर वाटेल तिथून गाडी घालतो. हरणं अशीच संपली, तुम्ही म्हणायचात. गाड्या आल्या, बंदुका आल्या, आणि संपली. पाखरावर कुणी गोळी घालत नाही. पण चाकाखालचं घरटं कुणाला दिसत नाही.

"शेंडीवाला राहील," तुम्ही म्हणायचात. "ही नाय राहायची."

मला राग यायचा. तुमची सगळी काळजी तिकडे आणि सगळं कौतुकही तिकडेच. एकदा मी बोलून गेले, "जो रोज दाराशी येतो त्याचं कुणाला काही नाही. जो दिसत नाही त्याच्यासाठी जीव टाकायचा."  दुसऱ्या आठवड्यात येताना पत्र्याचा एक उथळ डबा घेऊन आलात, कडा ठोकून गुळगुळीत केलेला. अंगणात सावलीला ठेवून त्यात पाणी भरलंत. मला एक शब्दही सांगितला नाहीत. चंडोल त्यात अंघोळ करायचा तेव्हा मी तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही मुद्दाम दुसरीकडे बघायचात. याबद्दल मी तुम्हाला शुक्रन म्हणायला हवं होतं. आता म्हणते.

पण सगळ्यात जास्त आठवतो तो वसंत, ज्या वर्षी त्या माळावरून नवा रस्ता काढायचं ठरलं. खुंट्या तुम्हीच मारत होतात, तुमच्या त्या डाव्या हाताने. आणि खुंट्यांच्या रेषेतच, एका खुरट्या झुडपाच्या बुडाशी, तुम्हाला उम्म सालिमचं घरटं सापडलं. अंडी होती, पांढरट, तपकिरी ठिपक्यांची. तुम्ही साहेबांकडे गेलात. तुमचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, पाखरासाठी रस्ता वाकवता येणार नाही, पण काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करू. तेवढ्यात पिल्लं उडून जातील. त्या गुरुवारी तुम्ही घरी आलात ते जवळजवळ गात. नफीसा तेव्हा माझ्या पोटात होती. तुम्ही म्हणालात, "मी तिथं एक पिंप उभं करून ठेवलंय. लाल रंग दिलाय. लांबून दिसतं. गाड्या चुकवून जातील."

पुढच्या आठवड्यात तुम्ही मधेच, मंगळवारी घरी आलात. मी पदर खोचून भाकऱ्या करत होते. तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि बूटसुद्धा काढले नाहीत.

"काय झालं?"

"पाण्याचा टँकर गेला त्याच्यावरनं."

"पिंप होतं ना?"

"पिंप बघूनच तो तिकडं वळला. नव्या रस्त्याची खूण वाटली त्याला. सरळ पिंपाशी आला आणि तिथनं गाडी फिरवली." तुम्ही हात पुढे केलेत आणि तळव्याकडे बघत राहिलात. "माझ्याच पिंपानं केलं, अगो."

तुम्ही जेवला नाहीत. ताट समोर तसंच. मला तुमचं तोंड बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "जाऊ दे. ती दुसरी अंडी घालतील."

तुम्ही मान वर केलीत. इतक्या वर्षांत मी तुमच्या डोळ्यांत पहिल्यांदा थेट बघितलं ते त्या दुपारी. आवाज अगदी बारीक होता तुमचा. "मी पण तुला असाच बोललो होतो. धक्क्यावर. नाय काय?"

मी म्हटलं, "हो."

"काय तरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो."

"मला माहीत आहे."

"मला त्याचा चेहरा ठाव नव्हता. काय बोलणार होतो मी?"

तवा तापून धूर निघत होता. मी उठून तो खाली उतरवला आणि तुमच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.  त्या दुपारी तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, आणि अंगणात भर उन्हात तो शेंडीवाला चंडोल डब्यातलं पाणी उडवत होता. मला त्याचाही राग आला नाही, कशाचाच नाही. मला एवढंच वाटलं की धक्क्यावरून चालताना सुरू झालेलं बोलणं आज कुठे थोडं पुढे सरकलं.

त्या जोडीने खरंच पुन्हा अंडी घातली. रस्त्यापासून बरंच आत. तुम्ही शोधून काढलंत आणि या वेळी ना पिंप ठेवलंत, ना कुणाला सांगितलंत. पिल्लं झाली. नफीसा दोन महिन्यांची असताना आपण तिला घेऊन तिथे गेलो. शीळ वाजली तशी ती दचकली आणि मग त्या शिळेकडे कान देऊन डोळे मोठे करून पडून राहिली. तुम्ही तिला हातात धरून उभे होतात. तुमच्या पाठीकडे बघून मी अल्लाचे आभार मानले होते.

मग रस्ते वाढले. शहर फुगत गेलं. तुमची बदली दुखानहून इथे दोह्याला झाली, आपण या नव्या घरात आलो, नफीसा अरबी शाळेत जायला लागली. मी मराठीत विचारलं की ती अरबीत उत्तर द्यायला लागली. दर वसंतात तुम्ही त्याच वाटेने गाडी न्यायचात आणि थांबून ऐकायचात. आधी अबू हमूरच्या पुढेच शीळ ऐकू यायची. मग आणखी पुढे जावं लागायला लागलं. चंडोल मात्र जाल तिथे. नफीसाच्या शाळेमागे विटांचा ढीग पडलाय, तिथेसुद्धा त्याने संसार मांडला. ट्रक येतात, मजूर ओरडतात, आणि हा आपला ढिगावर बसून गातो.

यंदा तुम्हाला दम लागायला लागला होता तरी तुम्ही ऐकलं नाहीत. यूसुफभाईंना गाडी चालवायला लावून मला तिथे नेलंत. नेहमीच्या जागी काही नाही. पुढे गेलो, काही नाही. आणखी पुढे, जिथे गाडीच्या चाकांचे पट्टे संपले, तिथे थांबलो. वारा होता. आणि मग अगदी लांबून ते सूर आले.

"हाय अजून," तुम्ही म्हणालात.

"बघा," मी म्हटलं, "मी काय सांगत होते? वाळवंट काय लहान आहे? ती सरकत सरकत पुढे जातात. पुढे जातील."

"पुढं कुठं?" तुम्ही म्हणालात. "पुढं समुद्र हाय. तिन्ही बाजूंनी समुद्र हाय या मुलखाला."

 मी ठरवलं, घरी जाऊन विचार करून याचं उत्तर देईन. त्याच आठवड्यात तुम्हाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. तिथे तुम्ही बोललात ते नफीसाच्या शाळेबद्दल, माझ्या पासपोर्टबद्दल, यूसुफभाईंना काय सांगायचं त्याबद्दल. माझ्याकडे उत्तर अजूनही नाही. खरं सांगू, मला वाटतं तुमचंच बरोबर होतं. आज दोन्ही पाखरं आहेत. पण एकाचं असणं वाढतंय आणि दुसऱ्याचं कमी होतंय, आणि हे पाहायला दर वर्षी तिथे जाऊन थांबणारं माणूस आता उरलं नाही. मी इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. यूसुफभाई म्हणतात, इद्दत संपली की मुलीला घेऊन बोटीने गावी जा, इथे कोण आहे तुमचं? मी अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही. नफीसाचं घर इथेच आहे. आपलं गाव तिने पाहिलंसुद्धा नाही.

काल काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. बायका बसायला आल्या होत्या. एकेक जण माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होती, उम्म सालिम, सब्र कर. त्या गेल्यावर नफीसा माझ्या जवळ येऊन बसली. तिचे डोळे रडून लाल झालेले. आणि या खेपेला ती मराठीत बोलली, तुटक तुटक, शब्द शोधत.

"अम्मी, आता अब्बा नाहीत. मग त्या तुला अजून पक्ष्याच्या नावाने का बोलावतात?"

मला कळेना. मी विचारलं, कुठल्या पक्ष्याच्या?

"उम्म सालिम. अब्बांनी ठेवलं ना ते नाव तुला? त्यांना तो पक्षी आवडायचा म्हणून?"

आपण तिला सांगितलंच नव्हतं. दोघांपैकी कुणीच नाही. तिला वाटत आलं की बापाने लाडाने आईला पाखराचं नाव दिलं आणि मग ते गल्लीभर पसरलं. मी तिला मांडीवर घेतलं, आता ती मांडीत मावत नाही तरी. म्हटलं, तुला एक भाऊ होता. सालिम. पक्ष्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. मला त्याच्या नावाने बोलावतात.

 मग तिने विचारलं, "कसा होता?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीसुद्धा. तुम्हाला विचारवलं नसेल, आणि तुम्ही विचारल्याशिवाय मला सांगवलं नाही. मी नफीसाला जे सांगितलं ते आता तुम्हीही ऐका.

तो सावळा होता. केस दाट, मानेवर कुरळे. त्याला पेज आवडायची, आणि काही गोड चाटवलं की तोंड वाकडं करून बाहेर काढायचा. रांगायला लागला तो उलटा, मागे मागे जायचा, आणि हवी ती वस्तू लांब लांब जाते म्हणून चिडून ओरडायचा. कोंबड्यांना घाबरायचा नाही, शिंकेला घाबरायचा. आणि कुणीही काही द्यायला लागलं की पुढे यायचा तो त्याचा डावा हात. सासूबाई तो हात मागे सारून उजवा पुढे ओढायच्या. तो हिसडा मारून पुन्हा डावाच पुढे करायचा. त्या दमून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गो. बापावर गेलाय."